यजमानपद आणि पात्रता

सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे खेळला गेला, आणि त्याचा उत्तरार्ध ऐन दिवाळीत आला: पाडवा आणि भाऊबीज ज्या दिवशी एकत्र आल्या त्या २६ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर दोन्ही उपांत्य सामने झाले, तर ३० तारखेला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून विजेतेपद राखले. मुलींचा वा महिलांचा फुटबॉल विश्वचषक तोवर भारतात झालाच नव्हता, त्यामुळे निर्णायक सामने मराठी-कोकणी मुलखात व्हावेत याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. तथापि यजमानपदाचा मान आणि संघाची प्रत्यक्ष तयारी या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये.

यजमान देशाच्या संघाला पात्रता फेरी, म्हणजे आपल्या खंडातील संघांशी झुंजून मुख्य स्पर्धेत जागा मिळवण्याची प्राथमिक स्पर्धा, खेळावी लागत नाही. भारताच्या मुलींना प्रवेश मिळाला तो या सवलतीमुळे. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर त्या अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. तीन सामन्यांत सोळा गोल झाले आणि एकही फेडता आला नाही. अमेरिका आणि ब्राझील यांच्याविरुद्धचे निकाल समजण्यासारखे होते, पण मोरोक्कोचा संघही भारताप्रमाणेच या विश्वचषकात पहिल्यांदा उतरला होता आणि विचार करायला लावतो तो त्याच्याविरुद्धचा पराभव. त्या देशाने २०२० पासून महिलांची दोन स्तरांची व्यावसायिक लीग, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाने दीर्घकाळ चालणारी साखळी स्पर्धा, उभी केली होती. भारतात मात्र विश्वचषक दोन महिन्यांवर आला असताना त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक नियामक संस्थेने, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले, आणि २६ ऑगस्टला निलंबन उठेपर्यंत स्पर्धा भारतात होईल की नाही हेच अनिश्चित होते. शिबिरात घाम गाळणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना मोठ्यांच्या कारभाराची ही झळ बसावी, हे सोळा गोलांहून अधिक लाजिरवाणे होय.

विश्वचषकातल्या त्या भारतीय संघाची कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील. तिच्या सन्मानार्थ प्रशासनाने तिच्या गावाचा रस्ता स्पर्धेच्या तोंडावर बांधायला घेतला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते. लेकीचा सामना पाहता यावा म्हणून घरात दूरदर्शन संचही प्रशासनानेच बसवला. मुलगी देशाची कर्णधार झाल्यावर गावाला रस्ता मिळावा, हा क्रमच उलटा आहे. त्या संघात झारखंडच्या सहा मुली होत्या, आणि महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसूझा होती. म्हणजे गुणवत्ता कुठून येते हे ठाऊक आहे, पण तिच्यापर्यंत मैदान, मार्गदर्शक आणि नियमित सामने वेळेत पोहोचत नाहीत. याउलट स्पेनची विकी लोपेस सोळाव्या वर्षी याच स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि पुढे आपल्या वरिष्ठ राष्ट्रीय संघात दाखल झाली. वयोगटाचा संघ हा वरिष्ठ संघाचा उंबरठा असतो, आणि हा खरा उपयोग ओळखणारे देशच पुढे जातात.

म्हणूनच २०२५ या वर्षाचे मोल २०२२ पेक्षा मोठे मानावे लागते. १० ऑगस्ट २०२५ रोजी यांगूनमध्ये भारताच्या वीस वर्षांखालील मुलींनी यजमान म्यानमारला पूजाच्या एकमेव गोलवर हरवले आणि २००६ नंतर प्रथमच आशिया चषकाची पात्रता मिळवली. ऑक्टोबरात बिश्केकला सतरा वर्षांखालील संघाने पिछाडीवरून उझबेकिस्तानला २-१ असे नमवून आपल्या वयोगटाच्या आशिया चषकात जागा घेतली. या दोन्ही जागा कोणी बहाल केल्या नव्हत्या, परक्या मैदानावर कमावल्या होत्या. तरी त्यांची चर्चा विश्वचषकाच्या रोषणाईच्या मानाने फारच थोडी झाली.

आपल्या भोपाळला हा विषय परका वाटू नये. १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी ज्या संस्थानाचा कारभार पाहिला, ज्याच्या राजघराण्यातील आबिदा सुलतान पोलो खेळली आणि विमानही चालवू लागली, त्या शहरात मुलीने मैदानात उतरणे ही नवलाई नाही. हॉकीने भोपाळला नाव मिळवून दिले; फुटबॉलच्या बाबतीत मध्य प्रदेशाला शहडोल जिल्ह्यातील विचारपूर या आदिवासीबहुल गावाने वाट दाखवली आहे, जिथे मुलांबरोबर मुलीही खेळतात. येथील मराठी समाजाकडे सभागृहे आहेत, मंडळे आहेत, गणेशोत्सवाच्या स्पर्धांची जुनी परंपरा आहे आणि मुलींच्या शिक्षणाबद्दलची आस्थाही आहे. त्या स्पर्धांच्या यादीत पुढील वर्षी बारा ते सोळा वयाच्या मुलींच्या फुटबॉल सामन्यांची भर घालावी, त्यासाठी शाळांकडे मैदान मागावे, आणि दहावीचे वर्ष आले म्हणून मुलीचे बूट माळ्यावर टाकू नयेत, एवढी विनंती या अंकाच्या आरंभी वाचकांना करणे आवश्यक वाटते.