आधी ठिणगी पाहा!

विद्यार्थी मित्रांनो, गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्ही काय कराल? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले सांगतात, "मेकॅनिकला बोलावू, सर." मेकॅनिक काय करील, असे विचारले तर उत्तर येते, "पार्ट बदलील."

या दुसऱ्या उत्तराशी माझे भांडण आहे. दुरुस्ती म्हणजे पार्ट बदलणे नव्हे. कोणता पार्ट बदलायचा हे पुराव्याने ठरवणे, ही खरी दुरुस्ती. विज्ञानाची पद्धत म्हणून आपण निरीक्षण, अनुमान, प्रयोग आणि पडताळा हे शब्द पाठ करतो. त्यांचा सगळ्यात चांगला सराव बिघडलेल्या यंत्रापुढे होतो, असे माझे मत आहे. हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. एका जुन्या गाडीने ते मला पदरचे पैसे खर्चायला लावून शिकवले.

ही गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. मानवतजवळच्या एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षे उभी होती. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. 'पद्मिनी' हे नाव १९७४ च्या सुमारास आले आणि २००० च्या सुमारास या गाडीचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघरी ठाऊक होती. ठरवून दिलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

ज्या गाडीचा कारखानाच बंद झाला, तिचे पार्ट आणायचे कोठून? परभणीत विचारून दमलो, तेव्हा देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरची सुट्या भागांची दुकाने पालथी घातली. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात आज तिचे अवयव पोत्यांतून मिळतात. तिथे मी पिस्टनच्या रिंगा घेतल्या, कारण माझी गाडी निळसर धूर सोडत होती. म्हणजे इंजिनातले तेल दट्ट्याच्या कडेने वर येऊन जळत होते.

इथे माझी पहिली चूक झाली. पुस्तकात या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर दिली आहे. सिलिंडर चार. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने आणि चारने गुणून पाहा. उत्तर सुमारे १०८९ घन सेंटिमीटर येईल. गाडीच्या कागदांवरही हाच आकडा असतो. तो पाहून मी ६८ मिलिमीटरच्या रिंगा घेऊन आलो. लेथवाल्याने त्यातली एक सिलिंडरमध्ये बसवली आणि तिच्या दोन टोकांमधली फट दाखवून हसला. पूर्वी कोणी तरी हे इंजिन बोअर करून घेतले होते. मोजले तेव्हा व्यास ६८.६ मिलिमीटर निघाला.

फरक फक्त ०.६ मिलिमीटरचा. पण रिंग बसते ती परिघावर, आणि परीघ म्हणजे व्यास गुणिले पाय. ०.६ ला ३.१४ ने गुणा; जवळजवळ १.९ मिलिमीटर होतात. ज्या फटीचे माप मिलिमीटरच्या काही दशांशांत असायला हवे, तिच्यात जवळजवळ दोन मिलिमीटरची भर पडली होती! कागद १०८९ सांगत होता आणि माझे इंजिन प्रत्यक्षात सुमारे ११०९ घन सेंटिमीटरचे होते. कागदाने खोटे सांगितले नव्हते. तो नव्या इंजिनाविषयी बोलत होता आणि माझ्यासमोर चाळीस वर्षांचे इंजिन होते. माझ्या वर्गाच्या कपाटात व्हर्निअर कॅलिपर आहेत आणि दर वर्षी मी मुलांकडून त्यांनी गोळ्यांचे व्यास मोजून घेतो. खरेदीपूर्वी ते कपाट उघडायचे मात्र मला सुचले नाही.

योग्य मापाच्या रिंगा बसल्या, धूर थांबला आणि गाडी चालू लागली. मग मे महिना आला. परभणीचे ऊन तुम्हांला ठाऊक आहे. पारा ४३-४४ अंशांवर असताना मी जिंतूर रस्त्याला निघालो. झरीच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. पंधरा-वीस मिनिटांनी ते आपोआप चालू झाले. दुसऱ्या दिवशी तेच झाले. सकाळी गारव्यात मात्र काही तक्रार नसे.

अशा वेळी रस्त्यावरचे जाणकार एक उपाय सांगतात : पेट्रोल पंपावर ओले फडके टाका. त्यामागे शास्त्र आहे. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला असतो. वाफेचा बुडबुडा मध्ये आला की कार्बुरेटरला पेट्रोल पोचत नाही. मी फडके टाकले. थोड्या वेळाने गाडी चालू झाली. झाले! निदान पक्के ठरले. मी नवा पंप बसवला, कार्बुरेटर उघडून साफ करवला, रबरी नळ्या बदलल्या. नळ्यांचे एक वेळ समजू शकते. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९८४ चे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. पण तीन पार्टांचे पैसे देऊनही गाडी झरीच्या अलीकडे बंद पडायची ती पडतच राहिली.

शेवटी जिंतूर रस्त्यावरच्या एका गॅरेजमधल्या चाचांकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही न लावता विचारले, "सर, बंद पडल्यावर ठिणगी पाहिली का?"

"नाही, चाचा."

"मग पंप कशाला बदलला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

पेट्रोलच्या इंजिनाला चालायला पेट्रोल-हवेचे मिश्रण लागते आणि ते योग्य क्षणी पेटवणारी ठिणगी लागते. बंद पडलेल्या क्षणी ठिणगी आहे की नाही, एवढे पाहिले की संशयितांची अर्धी यादी खोडता येते. दुसऱ्या दिवशी चाचा दुपारी माझ्याबरोबर आले. गाडी बंद पडताच त्यांनी एक प्लग काढला, वायरला जोडून त्याचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवले आणि मला चावी फिरवायला सांगितली. ठिणगी नव्हतीच. म्हणजे पेट्रोल निर्दोष होते!

मग मी स्वतः एक प्रयोग सुचवला. फडके न टाकता नुसते थांबायचे. वीस मिनिटांनी ठिणगी परत आली आणि इंजिन चालू झाले. म्हणजे गाडी फडक्याने नव्हे, तर फडके भिजवून टाकण्यात जाणाऱ्या वेळाने चालू होत होती. एखादा उपाय केला आणि गुण आला, यावरून त्या उपायानेच गुण आला असे सिद्ध होत नाही. उपाय न करता काय होते हेही पाहावे लागते. आपल्या भोवतालच्या किती तरी समजुती या एका चाचणीवाचून टिकून आहेत!

आता संशय दोघांवर उरला : कॉइल आणि कंडेन्सर. जुन्या गाडीत ठिणगी अशी तयार होते. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून जातो आणि चुंबकीय क्षेत्र उभे राहते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० वेळा हे घडते. प्रवाह झटकन तुटावा आणि पॉइंटवरच ठिणगी उडून वाया जाऊ नये म्हणून पॉइंटला समांतर एक छोटे धारित्र जोडतात. तोच कंडेन्सर, त्याची धारिता मायक्रोफॅरडच्या पाचव्या हिश्श्याएवढी. त्याच्या आतला विसंवाहक जुना झाला की तापल्यावर त्यातून प्रवाह गळू लागतो आणि ठिणगी मरते. थंड झाला की तो पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

आम्ही फक्त कंडेन्सर बदलला, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तीन दुपारी गाडी चालवली. ती थांबली नाही. चौथ्या दिवशी मी जुना कंडेन्सर मुद्दाम परत बसवला. चाचांना हा वेडेपणा वाटला. पण झरीच्या अलीकडे इंजिन बंद पडले आणि माझी खात्री झाली. नवा कंडेन्सर खिशातच होता. त्याची किंमत पंपाच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नव्हती.

मित्रांनो, मला पैशांचे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले, की धारित्र हे प्रकरण मी दर वर्षी शिकवतो. त्याची सूत्रे मला झोपेतही सांगता येतील. पण धारित्र बिघडले तर काय दिसेल, हा प्रश्न मी कधी विद्यार्थ्यांना विचारला नाही आणि मलाही कोणी विचारला नव्हता. चाचांपाशी रीत होती, पण तापल्यावर कंडेन्सर का दगा देतो हे त्यांना सांगता येत नव्हते. माझ्यापाशी कारण होते, पण रीत नव्हती. आपल्या शिक्षणाने या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आहे, आणि हे मला बरोबर वाटत नाही.

कोणी म्हणेल, आता गाड्यांत संगणक असतो आणि तोच दोषाचा क्रमांक दाखवतो. मग ही जुनी विद्या कशाला? पण तो क्रमांक म्हणजे रुग्णाची तक्रार आहे, निदान नव्हे. एखाद्या संवेदकाकडून चुकीचे वाचन येते, एवढेच तो सांगतो. संवेदक खराब, त्याची वायर तुटलेली की इंजिनातच दोष, हे शेवटी कोणाला तरी एकेक शक्यता खोडत शोधावे लागते. प्रत्येक जुनी गाडी जपावी असेही मी म्हणत नाही. धूर ओकणारी गाडी रस्त्यावर आणण्याचा हक्क कोणालाच नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी एक विनंती आहे. वर्षातून निदान एका प्रात्यक्षिकाला मुलांना मुद्दाम बिघडवलेले मंडल द्या : आतून तुटलेली वायर, फुंकलेला बल्ब, उतरलेला सेल. गुण दिवा लावण्याला देऊ नका. दोष कोणत्या क्रमाने शोधला आणि वहीत काय लिहिले, याला द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, घरातला टॉर्च किंवा सायकलचा डायनॅमो बिघडला की टाकून देण्यापूर्वी तुमच्याकडे घ्या. घरातल्या विजेच्या उपकरणांना आणि गाडीच्या इंजिनाला मात्र मोठ्या माणसांशिवाय हात लावू नका. पेट्रोलच्या वाफेजवळची ठिणगी जीवघेणी असते आणि कॉइलचा झटका साधा नसतो. वहीत आधी लिहा : काय दिसते, कोणावर संशय आहे, कोणत्या एका चाचणीने संशयितांची यादी अर्धी होईल. मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

माझी पद्मिनी आता भर दुपारी जिंतूरला जाऊन येते. जुना कंडेन्सर मी टाकलेला नाही. तो वर्गातल्या टेबलावर असतो, आणि धारित्राचे प्रकरण आता मी त्याच्यापासून सुरू करतो.