ग्रीसमधले पोलिस

बरेच विकांत इथे काही लिहिलं नाही. कारण आळस नव्हता (बरं, थोडा होता!). गेले तीन शनिवार-रविवार मी एक भाषण टंकत बसलो होतो. दीड तासाचं एक जुनं मराठी भाषण, ऐकून ऐकून, शब्द न् शब्द. हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

२०१६ साली मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी वाचता यायचं, पण ऐकताना बोंब! हॉस्टेलवर एका मित्राने येल विद्यापीठाची व्याख्यानं दाखवली. येलने २००७ च्या डिसेंबरपासून आपल्या वर्गातले अख्खे कोर्स चित्रित करून जालावर ठेवायला सुरुवात केली होती, तेही चकटफू. त्यातला डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीक इतिहासाचा कोर्स मी लावला. एकूण २४ व्याख्यानं.

म्हातारबुवा मस्त रंगात येऊन शिकवत होते, पण दर दोन वाक्यांनी पोलिस! पोलिसचा उदय, पोलिसचं स्वातंत्र्य, पोलिससाठी लढणारा शेतकरी... च्यायला, अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये इतके पोलिस कशाला लागत होते?

मग त्याच पानावर खाली व्याख्यानाचा लिखित मजकूर सापडला. 'पोलिस' म्हणजे ग्रीक नगरराज्य. अथेन्स ही एक पोलिस, स्पार्टा ही दुसरी. मी स्वतःशीच इतका हसलो की रूम पार्टनर उठला.

त्या दिवसापासून पद्धत ठरली. आधी मजकूर वाचायचा, मग ऐकायचं. सेमिस्टर संपेपर्यंत चोवीसच्या चोवीस व्याख्यानं झाली. केगन यांची एक भूमिका होती, की जुन्या परंपरेने सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही तोवर ती खरी मानून चालायचं. मला ती तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. पण 'न पटणं' म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो. दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये माणूस फक्त निष्कर्ष सांगतो. चोवीस तासांत तो तिथवर कसा पोचला ते दिसतं, आणि आपण कुठल्या वळणावर त्याची साथ सोडली तेही कळतं. आमच्या अभ्यासक्रमात याला जागा नव्हती.

आता दुसरी गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठानेही वर्गातली व्याख्यानं वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. त्यात ह्यूबर्ट ड्रायफस नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक फार गाजले. आम्हा संगणकवाल्यांना हे नाव माहीत असायला हवं. संगणकाला काय जमणार नाही, यावर त्यांनी १९७२ साली पुस्तक लिहून कृत्रिम बुद्धिमत्तावाल्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे २००१ मध्ये इंटरनेटवरही पुस्तक लिहिलं आणि दूरशिक्षणाने माणूस खरा तयार होईल का, अशी शंका घेतली. आणि गंमत बघा, त्यांचीच ध्वनिमुद्रित व्याख्यानं जगभर लोक ऐकू लागले!

तर, ऐकू न येणाऱ्यांच्या बाजूने तक्रार झाली. तक्रारदार दोघे वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठात, म्हणजे कर्णबधिरांच्याच विद्यापीठात, काम करणारे. मागणी साधी होती: या व्हिडिओंना नीट उपशीर्षकं द्या. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ती योग्य ठरवली. बर्कलीने काय करावं? मार्च २०१७ पासून वीस हजारांहून जास्त फिती सार्वजनिक जागेवरून काढून घेतल्या. खर्च परवडत नाही, हे त्यातलं एक कारण. बाहेरच्या हौशी मंडळींनी धावपळ करून बराच साठा आधीच उतरवून ठेवला, म्हणून तो वाचला. ड्रायफस त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले.

तेव्हा मीही तावातावाने म्हणालो होतो, "दोघांच्या हट्टापायी सगळ्या जगाचं नुकसान!" हे मी म्हणावं? ज्याला ग्रीसमध्ये पोलिस दिसत होते त्याने? येलने तो मजकूर दिला नसता तर मी दुसऱ्या व्याख्यानालाच राम म्हटलं असतं. मला ज्याची सवय झाली होती तेच ते दोघे मागत होते. अखेर २०२२ मध्ये बर्कलीने न्याय खात्याशी तडजोड केली आणि आपला ऑनलाइन मजकूर सर्वांना वापरता येईल असा करण्याचं मान्य केलं. म्हणजे आधी जमणार नाही म्हटलेलं काम पुढे कबूल करावंच लागलं.

हे मला नीट कळलं ते बाबांमुळे. बाबा नांदेडकडचे निवृत्त शिक्षक. व्याख्यान आहे म्हटलं की एस्टीने तालुक्याला जाणारे. घरी प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांच्या कॅसेटी झिजेपर्यंत वाजल्यात. गेल्या चार वर्षांत त्यांचं ऐकणं कमी झालं. यंत्रामुळे समोरासमोरचं बोलणं जमतं, पण सभागृहातलं घुमणारं रेकॉर्डिंग नाही. मागे मी त्यांना त्यांच्या आवडत्या एका प्राध्यापकांचं भाषण पाठवलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "माणूस दिसला, बरं वाटलं रे. बोलले काय ते तू सांग."

म्हणून टंकायला बसलो. आधी मशीनकडून मसुदा काढून घेतला. त्यात विशेषनामांची आणि संस्कृत शब्दांची पार वाट लागली होती. दुरुस्त करता करता तीन विकांत गेले. म्हणजे खर्च खरा आहे, हे मी नाकारत नाही.

पण आपल्याकडे काय चित्र आहे? १८७५ साली रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दीडशे वर्षं आपण भाषणं ऐकतोय. आता कितीतरी जुन्या फिती जालावर आल्यात, ज्यांनी चढवल्या त्यांना दंडवत. पण बहुतेक ठिकाणी साल नाही, गाव नाही, विषयही धड नाही. लिखित मजकूर तर सोडाच. त्यात काही शोधता येत नाही, उतारा देता येत नाही, बाबांना वाचता येत नाही. चॅनेल बंद पडलं की सगळंच गेलं!

मोठ्या विद्यापीठांनी आणि पैसेवाल्या संस्थांनी मजकुरासकटच व्याख्यान प्रसिद्ध करावं, त्यांना सबब नको. छोट्या मंडळांनी निदान साल, गाव आणि वक्त्याचं नाव लिहावं, त्याला दोन मिनिटं लागतात. आणि आपल्यासारख्यांनी वर्षातून एखादं भाषण टंकून द्यावं.

असो. बाबांचा काल फोन आला. "चौथ्या पानावर तू 'शिव' लिहिलंयस, तिथे 'शील' असणार. पुन्हा ऐक."

ऐकलं. शीलच होतं.