पोहण्याची किंमत: विहीर, क्लब आणि एक सोयीची दंतकथा

१/ शहरातील जलतरण क्लबांच्या चढ्या शुल्काचा विषय निघाला की एक उत्तर हमखास पुढे येते: गावच्या माणसाला शिकवणी कशाला हवी, तो तर उपजतच पोहतो. मग पुरावा म्हणून जव्हार तालुक्यातील जामसरसारखे एखादे गाव आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओढे दाखवले जातात. चित्र देखणे आहे. इतिहास म्हणून मात्र ते खोटे आहे.

२/ पोहणे उपजत नसते. ते शिकावे लागते, म्हणजेच कोणीतरी ते शिकवावे लागते. महाराष्ट्रात ही शिकवणी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर चालली. पाठीला वाळका भोपळा, कालांतराने पत्र्याचा रिकामा डबा, आणि काठावर उभा काका किंवा थोरला भाऊ. शुल्क शून्य, शिक्षक घरचा. क्लब येण्यापूर्वीची ही खरीखुरी प्रशिक्षणव्यवस्था होती.

३/ परंतु मोफत होती म्हणून ती सर्वांची होती, असे नव्हे. विहिरीलाही जात होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला. जिथे पाणी पिणेच अपराध ठरत होते, तिथे त्यात उडी मारण्याची गोष्टच दूर. स्त्रियांच्या वाट्यालाही विहिरीवरची घागर आली; पोहणे क्वचितच आले.

४/ इंग्रजी अमदानीने जुने दार मोडले नाही, शेजारी दुसरे बांधले. मुंबईतील ब्रीच कँडीचा तरण तलाव दीर्घकाळ केवळ युरोपीयांसाठी राखीव होता. चौपाटीलगतच्या मफतलाल स्विमिंग बाथच्या तर नावातच ‘हिंदू’ हा शब्द होता. विहिरीवर जात विचारली जाई, तलावावर वर्ण आणि धर्म. स्वातंत्र्यानंतर वर्णाची पाटी यथावकाश उतरली. तिच्या जागी दरपत्रक लागले.

५/ ते दरपत्रक नीट वाचावे. प्रवेशशुल्क, अनामत, वार्षिक वर्गणी. आणि प्रशिक्षकाचे मानधन बहुधा वेगळे. मुलांच्या तुकड्या उन्हाळी सुट्टीत एकत्र शिकतात, त्यामुळे खर्च वाटला जातो. चाळिशीतल्या नवशिक्याच्या वाट्याला मात्र अनेकदा ‘वैयक्तिक शिकवणी’ येते. म्हणजे ज्याला लहानपणी पाणी मिळाले नाही, त्यानेच मोठेपणी सर्वाधिक दाम मोजायचे!

६/ क्लबांचा बचाव अगदीच पोकळ नाही. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. ते गाळणे, निर्जंतुक करणे, जीवरक्षक नेमणे, वीज भरणे हा खर्च खरा आहे. वाद खर्च आहे की नाही याचा नाही. तो कोणी सोसायचा, याचा आहे.

७/ या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे. ब्रिटिश संसदेने १८४६ मध्ये सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा करून ती स्थानिक करांतून उभारण्याची मुभा दिली. श्रमिकांसाठी दराची कमाल मर्यादाही कायद्यातच लिहिली: थंड पाण्याच्या स्नानाला एक पेनी, उघड्यावरील सामाईक स्नानाच्या जागेला अर्धा पेनी. मायदेशात मजुराला अर्ध्या पेनीत पाणी देणाऱ्या राज्यकर्त्यांनी मुंबईत मात्र कुंपण घातले. आपण कायदा विसरलो आणि कुंपण तेवढे जपले.

८/ ‘मोठेपणी शिकून काय साधणार?’ हा दुसरा आक्षेप. मुरलीकांत पेटकर हे त्याचे उत्तर. हा मुष्टियोद्धा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले. या वाटचालीचा आरंभ लष्करी उपचारांतून झाला, क्लबच्या वर्गणीतून नव्हे.

९/ आता पुन्हा जामसरच्या परिसराकडे. शेजारच्या मोखाडा तालुक्यात मुंबई महापालिकेचे मध्य वैतरणा धरण २०१४ पासून उभे आहे. इथले पाणी महानगराला जाते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ज्या डोंगरांचे पाणी मुंबईकडे वाहते, त्या डोंगरांतल्या माणसाला पोहण्याची रीतसर शिकवणी हवी असेल, तर त्यानेही पाण्यामागोमाग शहर गाठावे काय?

१०/ ‘उपजत पोहणारा’ ही दंतकथा निरुपद्रवी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत बुडून झालेले मृत्यू ३८ हजारांहून अधिक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगातील असे दहापैकी नऊ मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. बांगलादेशाने यावर मार्ग काढला: गावतळ्यात बांबूचे कठडे बांधायचे आणि गावातलेच प्रशिक्षक तयार करून मुलांना शिकवायचे. तिथे ना संगमरवर लागला, ना सभासदत्व.

११/ तीच रीत प्रौढांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, जव्हार-मोखाड्याच्या तळ्या-बंधाऱ्यांवर का आणू नये? प्रशिक्षक स्थानिक असावा, त्याचे मानधन सार्वजनिक तिजोरीतून जावे. आणि शहरातील पालिकेच्या तलावांवर प्रौढ नवशिक्यांची सामाईक तुकडी स्वस्त दरात असावी. विहिरीने जात पाहिली, क्लबने वर्ण पाहिला, दरपत्रक खिसा पाहते. बुडवताना पाणी मात्र यांपैकी काहीच पाहत नाही.