मोटारसायकलवाल्यांनो, पावसाआधी नावं द्या

पनवेल तालुक्यातले सरपंच, पोलीस पाटील, तरुण मंडळं, आशाताई आणि ज्यांच्या दारात मोटारसायकल उभी असते अशा सगळ्यांना हे आवाहन आहे. मागणं एकच. 1 मेच्या ग्रामसभेत आपल्या गावातल्या, वाडीतल्या अशा लोकांची यादी करा, जे साप चावलेल्या माणसाला रात्री-अपरात्री गाडीवर बसवून दवाखान्यात पोचवतील. नाव, मोबाइल नंबर आणि घर कुठलं एवढंच लिहायचं आहे. ती यादी शाळेच्या भिंतीवर, समाजमंदिरात आणि किराणा दुकानाच्या दारावर चिकटवा.

सर्पदंशाच्या गोष्टीत मोटारसायकल कुठून आली, असं कुणी विचारील. ती नेपाळमधून आली. तिथल्या पूर्व तराईत, दमकच्या परिसरात, डॉक्टरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून हाच प्रयोग केला. मोटारसायकलवाले स्वयंसेवक नेमले, साप चावला की काय करायचं हे घरोघरी सांगितलं आणि रुग्णाला थेट उपचार केंद्रात आणायला सुरुवात केली. आधी साप चावलेल्या शंभरांत दहाहून जास्त माणसं दगावत होती. प्रयोगानंतर हे प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आलं. 2013 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. साप तेच होते, लसही तीच होती, फक्त माणूस वेळेत पोचू लागला.

आपल्याकडचं चित्र काय आहे? देशभरातल्या मृत्यूंचा घरोघरी जाऊन जो मोठा अभ्यास झाला, त्याच्या 2020 सालच्या अहवालानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं जातात. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे आपल्या लावणीपासून भात पोटरीत येईपर्यंतच्या काळात. याच अभ्यासाच्या आधीच्या, 2011 च्या अहवालात दिसलं की सर्पदंशाच्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम तेवीस दवाखान्यात झाले होते. बाकीचे घरी, वाटेवर, नाहीतर भगताच्या अंगणात.

पनवेलला तर रस्त्यांची काही वाण नाही. कळंबोलीला द्रुतगती मार्ग येऊन टेकतो, पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, आता विमानतळही झाला. पण धोदाणीच्या वरच्या वाडीतून किंवा कर्नाळ्याच्या अंगच्या एखाद्या ठाकरवाडीतून पावसाळ्यातल्या रात्री एक वाजता निघायचं, तर डांबरापर्यंतची वाट हाच खरा प्रवास असतो. तिथे 108 ची गाडी पोचायला वेळ लागतो. म्हणून फोन 108 लाही करायचा आणि रुग्णाला घेऊन मोटारसायकलही लगेच काढायची, रुग्णवाहिकेला वाटेत गाठायचं. श्वास लागलेल्या माणसाला तिच्यातल्या ऑक्सिजनची गरज पडू शकते.

गाडीवर तीन माणसं हवीत. चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये आणि त्याला कवेत धरणारा मागे. एरवी ट्रिपल सीट हा गुन्हा, पण इथे रुग्णाची मान कलंडली तर सावरणारं कुणीतरी हवंच. ज्या हाताला किंवा पायाला साप चावला असेल त्याला मोडलेल्या हाडासारखी फळी किंवा सरळ काठी सैलसर बांधा. अंगठी, तोडे, पैंजण, बूट आधीच काढा, सूज आली की ते निघत नाहीत. दोरीने आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, रक्त चोखू नका. रुग्णाला चालवत नेऊ नका. साप शोधण्यात आणि मारण्यात अर्धा तास घालवू नका, डॉक्टरांना मेलेला साप दाखवायची गरज नसते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रच बनवलेली असते.

मण्यारीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत सगळ्यात जास्त तिथेच होते. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूण सापडत नाही, सूज नाही, आगही नाही. पहाटे पोर पोटात दुखतंय म्हणून उठतं. आई ओवा देते. मग ते उलटी करतं, पापण्या मिटू लागतात, घरच्यांना वाटतं झोप झाली नाही. घोटभर पाणी दिलं तर तेही गिळता येत नाही. एव्हाना विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलेलं असतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठलं, तर साप दिसला नसला तरी यादीतल्या पहिल्या नंबरावर फोन करा.

भगतमंडळींशी मला भांडायचं नाही. लोक तुमच्याकडे विश्वासाने येतात आणि मध्यरात्री दार तुम्ही उघडता. तुम्हीच म्हणालात, ‘आधी लस टोचून ये, मग बघू’, तर लोक डॉक्टरापेक्षा तुमचं आधी ऐकतील. तुमचंही नाव यादीत असावं, ही विनंती.

दवाखान्यात पोचल्यावर नातेवाइकांनी धीर धरायचा आहे. चावलेला प्रत्येक साप विषारी नसतो आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असंही नाही. डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने काम सुरू केलंय असं समजतात. पापण्या, श्वास, सूज वारंवार पाहतात. लक्षणं दिसली तरच लस देतात, कारण घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या या लसीची काहींना तीव्र ॲलर्जी होते. ‘लगेच टोचा’ म्हणून टेबलावर हात आपटण्यात अर्थ नाही. उलट लक्षणं नाहीत म्हणून दोन तासांत घरी निघायची घाईही नको, किमान एक दिवस तिथेच थांबा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत असते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती शिल्लक आहे का आणि रात्री कोण असतं, हे ग्रामपंचायतीने मे महिन्यातच जाऊन विचारावं.

तालुक्यातल्या डॉक्टरांनाही एक विनंती, प्रत्येक दंशाची नोंद ठेवा. सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यांना कळवलं आहे. नोंदीतून काय उभं राहतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी एकेका रुग्णाचा रक्तदाब, नाडी, घाम टिपून ठेवला आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी या विषावर चालते हे दाखवून दिलं. त्यानंतर असे मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने परदेशी शास्त्रज्ञांबरोबर नाग-मण्यारीच्या विषातल्या एका घटकावर प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं 2024 मध्ये जाहीर केली, तीही उंदरांवर चालली आहेत. चांगलंच आहे. पण ती आपल्या आरोग्य केंद्रात यायला काही पावसाळे जातील.

आता शेताकडे वळू. गमबूट घाला, असं प्रत्येक पत्रकात छापतात. लावणीच्या चिखलात गमबूट घालून कुणी पाहावं, पाय वर आला तर बूट खालीच राहतो. पण गवत कापताना, भात कापताना, पेंढ्याची उडवी उपसताना आणि अंधारात बांधावरून जाताना तो घालता येतो, आणि बहुतेक दंश पायालाच होतात. बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. साप घरात येतो तो उंदरामागे आणि उंदीर येतो तो कणगीतल्या भातामागे. कणगी, लाकूडफाटा आणि उकिरडा झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. सगळ्यात स्वस्त संरक्षण म्हणजे खाट आणि गादीखाली चारही बाजूंनी नीट खोवलेली मच्छरदाणी. नेपाळच्याच अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं आढळलं होतं.

शेवटी पैशाचं. तमिळनाडूच्या खेड्यांतल्या पाहणीत सर्पदंशातून वाचलेल्यांच्या कुटुंबांनीही उपचारासाठी कर्ज काढल्याचं, मालमत्ता विकल्याचं दिसलं. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दुःखात महिना कधी सरतो कळत नाही, म्हणून कागदांची जबाबदारी गावाने एका माणसावर सोपवावी. मात्र ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. वीटभट्टीवर झोपणारा कातकरी आणि दुसऱ्याच्या रानात गवत कापणारी बाई तिच्यात बसत नाहीत, आणि सापाची गाठ सगळ्यात जास्त त्यांच्याशीच पडते. हा अन्याय आहे. ग्रामसभेत तसा ठराव करून आमदारांकडे पाठवा.

फार्महाउसवाल्यांना वेगळं सांगतो. डिसेंबर 2021 मध्ये सलमान खान यांना पनवेलजवळच्या त्यांच्या फार्महाउसवर साप चावला. खोलीत शिरलेला साप आपण काठीने बाहेर नेत होतो आणि तो काठीवरून हातापर्यंत आला, असं त्यांनीच पत्रकारांना सांगितलं. त्यांना कामोठ्याच्या रुग्णालयात नेलं आणि काही तासांत ते घरी परतले. सापाला काठीने हाताळू नका, सर्पमित्राला बोलवा, हे त्यातून घेण्यासारखं. आणि तितक्याच तातडीने दवाखाना तुमच्या राखणदाराच्या पोरालाही मिळायला हवा. त्याच्या खोलीत खाटा आणि मच्छरदाण्या आहेत का, हे या शनिवारी आलात की बघा. तुमची चारचाकी आठवडाभर तिथेच उभी असेल, तर चालवणाऱ्याचं नाव आणि नंबर गावच्या यादीत द्या. भट्टीमालकांनीही टेम्पोचा नंबर द्यावा. खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांनी यंदाच्या वर्गणीतून एकेका वाडीला मच्छरदाण्या द्याव्यात. किती लागतील ते तिथल्या आशाताई सांगतील.