भट्टीचे दर्शन आणि भट्टीवरील धाड

दारूचा चालू कारखाना तिकीट काढून पाहणे ही आता प्रतिष्ठितांची सहल झाली आहे. स्कॉटलंडमधील व्हिस्कीच्या भट्ट्यांना २०१९ साली सुमारे २२ लाख भेटी दिल्या गेल्या. गोव्यात कुंकळ्ळी येथील पॉल जॉन कारखान्यातही तांब्याची पात्रे व लाकडी पिंपे पाहून, चार घोट चाखून पाहुणा तृप्त होतो. जळगाव-धुळ्याच्या सुखवस्तू घरांनाही या सहलीचे आकर्षण वाटते.

याच खानदेशात चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेस, सातपुड्यात, भिल्ल-पावरा कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहाची फुले वेचतात. फुले आंबवून मडक्यात तापवायची आणि वाफ थंड करून धार धरायची. शास्त्र तेच, जे तांब्याच्या पात्रात चालते. येथे मात्र पाहुण्याऐवजी धाड येते.

हा भेद कायद्याने घडविला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून मध्यवर्ती भट्टी व मक्तेदार यांचे राज्य आणले. सरकारला महसूल मिळाला, मक्तेदाराला नफा आणि आदिवासीला कर्ज. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून पुढे परवान्यांच्या वाटा निघाल्या; त्या भांडवलवाल्यांनाच परवडल्या.

मग मोहाच्या भट्टीचा गौरव करावा काय? मुळीच नाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा भागात, आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर मोर्चे नेऊन दारूची मडकी फोडली. मजुरी गुत्त्यात जाते आणि मार घरी येतो, हे त्यांचे अर्थशास्त्र कोणत्याही महसुली अहवालाहून खरे होते. त्यांचा अनुभव बाजूला सारून 'वारशा'च्या नावाने नवा बाजार मांडणे हा द्रोह ठरेल.

मध्य प्रदेशाने २०२१ साली मोहाच्या मद्याला वारसा-मद्याचा दर्जा देण्याची घोषणा केली. पुढे सीमेपलीकडील अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचतगटाची भट्टीही उभी राहिली. महाराष्ट्रात हा विषय निघेल तेव्हा समाजवाद्यांनी दोन अटींवर ठाम राहिले पाहिजे. फुलांना रास्त भाव व परवाना वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला, ही पहिली. बाटली आडवी करण्याचा स्त्रियांचा हक्क दुकानाप्रमाणे भट्टीलाही लागू, ही दुसरी. ठेकेदार दारात येण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी हा प्रश्न सातपुड्यातील ग्रामसभांपुढे नेला पाहिजे.