आधी उथळ पाणी

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर स्कूबासाठी होडी लागतेच असं नाही. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडावर जागेचं नाव वाचायचं, टाकी पाठीवर घ्यायची नि किनाऱ्यावरून पाण्यात शिरायचं. पण मंडळी, सोबत नवशिकी भाची! तिची मर्यादा १८ मीटर आणि हट्ट १९८४ साली बुडालेल्या ‘हिल्मा हूकर’ जहाजाचा. त्याचा तळ ३० मीटरवर. मी नाही म्हटलं. बाईसाहेब दिवसभर अबोल. पूर्व किनारा खवळलेला, तो बादच. ‘थाउजंड स्टेप्स’च्या पायऱ्या शंभरही नाहीत, पण ओझं घेऊन चढताना हजार वाटतात! अखेर पश्चिमेचा शांत ‘बारी रीफ’ ठरला. पाण्यात शिरताना भाचीच मला सांगत होती, “निधान, मावशी, निधान!”