फायरिंग अँगल आणि आईचा व्हॅक्यूम क्लीनर

दिवाळीच्या सुट्टीत घरचा व्हॅक्यूम क्लीनर बिघडला. स्पीडचा नॉब कितीही फिरवा, मोटर आपली फुल स्पीडलाच! सर्व्हिसवाला म्हणाला, "पूर्ण बोर्ड बदला." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू इंजिनिअरिंगलाच आहेस ना रे?"

खरं सांगतो, ट्रायॅकचे वेव्हफॉर्म मी पेपरात डोळे मिटून काढलेत. पण बोर्डावर ट्रायॅक कुठला, हे शोधण्यातच अर्धा तास गेला. प्लग काढून, ट्रायॅक सुटा करून मीटर लावला. दोन्ही मेन टर्मिनल्समध्ये जवळजवळ शून्य ओहम. शॉर्ट! म्हणजे २३० व्होल्ट सरळ मोटरला. मग गेटला पल्स लवकर मिळो की उशिरा, नॉबला विचारतो कोण?

त्याच रेटिंगचा नवा ट्रायॅक बसवला. आधी १०० वॅटचा बल्ब सीरिजमध्ये लावून पाहिलं, मग थेट चालवलं. नॉब ऐकू लागला. आई खूश, पण मी मनातून ओशाळलेलो.

कारण आपल्या लॅबमध्ये सगळं चालू स्थितीतच मिळतं आणि रीडिंग्ज सीनिअरच्या जर्नलमधून. बिघाड शोधायचा कधी? माझं म्हणणं एवढंच, दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल बिघडलेल्या वस्तूवर ठेवा. सर, पहिली वस्तू आमच्या हॉस्टेलमधूनच आणतो!